वाजंत्र्यांची गाडी

जिकडे दहा माणसं धावताहेत तिकडे अकरावा धावला, की इंग्रजीत म्हणतात, हा 'बँडवॅगन'वर चढला! बँडवॅगन म्हणजे वाजंत्र्यांची गाडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्कस गावात आली, की रंगवलेल्या उंच गाडीत वाजंत्री बसवून मिरवणूक काढत. सर्कसवाल्या बार्नमसाहेबांच्या १८५५ सालच्या आत्मचरित्रात हा शब्द सापडतो. पुढे पुढाऱ्यांना ही गाडी आवडली. ज्याचा बँड जोरात, त्याच्या गाडीवर बाकीचे टुणकन उडी मारू लागले. आपल्याकडे त्यासाठी निराळी गाडी लागत नाही, एवढाच फरक!

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडाचा भोंगा ऐकून माणूस असाच तंबूकडे वळतो. पण तिथं तिकीट आपण काढतो आणि बसतोही आपणच. खरी भानगड शिक्षणाच्या गाडीत आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीस लातूरच्या राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांतली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. त्यात जादू नव्हती. जादा तास, प्रश्नपत्रिकांचा सराव आणि पुन्हा सराव. त्या मंडळींनी गाडी खांद्यानं ओढली. मागून येणाऱ्यांना बँड तेवढा ऐकू आला.

गाड्याही किती गेल्या! १९८३ पासून खासगी इंजिनियरिंग कॉलेजं निघाली, सगळे तिकडे. मग डी.एड.; शिक्षकभरती आटली आणि बाक रिकामे पडले. आता लातूर काय नि नांदेड काय, क्लासच्या पाट्या आणि 'नीट'चा बँड.

मग दुसऱ्याचं पाहून चालणं वाईट का? मुळीच नाही. वारीलाही माणूस पहिल्यांदा शेजाऱ्याचं बघूनच जातो. प्रत्येकानं प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोक्यानं ठरवायची म्हटलं, तर सकाळचा चहा दुपारी मिळायचा. शिवाय कोरडवाहू शेतीत आयुष्य गेलेल्या बापाला पोरगा डॉक्टर व्हावा असं वाटलं, तर त्याला मेंढरू कोण म्हणेल?

अडचण एवढीच, की इथं बँड ऐकतो बाप आणि गाडीवर चढतं पोरगं. 'बाजारात तुरी' ही म्हण तर लातूरला शोभूनच दिसते, तुरीला तोटा नाही! निकालाला दोन वर्षं असतानाच गल्ली पोराला 'डॉक्टरसाहेब' म्हणू लागते. गावाकडच्या घराला कुलूप लावून आई खोली करून राहते, जमिनीचा तुकडा फीमध्ये जातो. एवढं झाल्यावर, बेडकाकडे बघूनसुद्धा पोटात ढवळतं, हे पोरानं सांगायचं कुणाला? खाली उतरायचं म्हणजे आईच्या दोन वर्षांचा आणि बापाच्या रानाचा हिशेब द्यायचा. स्वतः उडी मारणाऱ्याला निदान उडी मारून उतरता तरी येतं. दुसऱ्यानं उचलून बसवलेल्याला तीही सोय नाही.

तेव्हा गाडीवर बसवायचं तर खुशाल बसवा, पण अधूनमधून "उतरायचंय का रे?" असं विचारा. आणि विचारताना बँड बंद ठेवा, म्हणजे उत्तर ऐकू येईल. अहो, ऐन वरातीतसुद्धा वाजंत्री बिडी ओढायला घडीभर थांबतातच की!