मग तुकोबा कुठे गेले?

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधले रॉबर्ट ह्यूम 1886 मध्ये रजेवर अमेरिकेत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत त्यांनी भाषण केले आणि त्यांना नगरला परत पाठवायचे की नाही, यावरच वाद पेटला. ज्याच्या कानावर येशूचे नाव कधी पडलेच नाही असा माणूस मेला, तर तो अनंतकाळच्या नरकात जातो का? अँडोव्हरचे प्राध्यापक म्हणत, अंतिम न्यायाआधी अशा माणसालाही ख्रिस्ताची ओळख होईल, मेल्यानंतर का होईना. ह्यूमना हे मत त्याज्य वाटत नव्हते. त्यांना नेमणाऱ्या अमेरिकन बोर्डाला मात्र यात घात दिसला. मेल्यावरही संधी असेल तर माणसे समुद्रापार पाठवायचीच कशाला? मिशनचा कणाच मोडेल.

ही भीती पोकळ नव्हती. याच बोर्डाचे गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत आले. जगातल्या साठ कोटी माणसांचा आपल्यावर हक्क आहे, असे सांगणारे पुस्तक त्यांनी सॅम्युएल न्यूएल यांच्यासोबत लिहिले. हे पुस्तक 1818 मध्ये निघाले. 1826 मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने त्यांचा बळी घेतला, तेव्हा वयाची 42 वर्षेही पुरी झाली नव्हती. एकेक जीव बुडतो आहे ही तळमळ नसती, तर असा माणूस घर सोडून निघाला असता का? आज नरकाच्या कल्पनेला हसणाऱ्यांनी हॉलचे मरण आधी डोळ्यांसमोर आणावे.

तरीही बोर्डाचा हिशेब चुकतच होता. प्रचारकाला घराबाहेर काढणारी गोष्ट आणि ऐकणाऱ्याला ख्रिस्ती मंडळीत आणणारी गोष्ट एकच, असे त्याने धरून ठेवले होते. इथल्या श्रोत्याला नरक काही नवा नव्हता. कुंभीपाक, रौरव त्याने पुराणिकाच्या तोंडून ऐकलेले असत. पण त्या यातना भोगून संपत, जीव पुढच्या जन्माला लागे. कधीच न संपणारा नरक त्याला नवा होता, आणि तो ऐकताच पहिला प्रश्न स्वतःबद्दल येत नाही. आमची आई गेली तिचे काय? जो धर्म मला तारतो आणि तिला जन्माची नव्हे, अनंताची शिक्षा देतो, तो मी कोणत्या तोंडाने घेऊ? हा प्रश्न सेमिनरीतल्या वर्गात तर्काचा असेल, वाड्यावस्तीवर तो श्राद्धाच्या पानाशी बसलेल्या माणसाचा होता. (न ऐकणाऱ्याला माफी आणि ऐकून नाकारणाऱ्याला शिक्षा, अशी सोपी वाटही काहीजण काढतात. तसे असेल तर उपदेशकाने गावात पाऊल न टाकणे हीच खरी दया!)

मग माणसे आली कशी? दुष्काळात पोटासाठी आली, महार-मांग वस्त्यांमधून माणूस म्हणून उभे राहायला मिळेल म्हणून आली, शाळेमुळे आली. आणि काही आली ती शेजार लाभला म्हणून. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत. पुढे नगरला ख्रिस्ती माणसांच्या सावलीत राहतानाही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचे हे सोवळे न लपवता, थट्टा करत सांगितले आहे. जात देवाने नव्हे, माणसाने केली हे मनाशी पटले, तेव्हा सोवळे सुटले; बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. या साऱ्या प्रवासात नरकाच्या धाकाला फारसे काम पडलेले दिसत नाही. आधी एकत्र जेवणे आले, धर्मशास्त्र मागाहून.

टिळकांचे उदाहरण तर बोर्डाला आणखी अडचणीचे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. टाळ-वीणा घेऊन ते ख्रिस्ताचे कीर्तन करीत. आता जुन्या शिकवणीप्रमाणे, येशूचे नाव न ऐकता गेलेले तुकोबा नरकात. म्हणजे पूल नरकात आणि पुलावरून गेलेला स्वर्गात! टिळकांसारख्या माणसाला हे गिळणे शक्य नव्हते. ह्यूमसाहेब अखेर नगरला परतले आणि याच टिळकांचे स्नेही झाले, हा योगायोग मला बोलका वाटतो. अँडोव्हरच्या वादाचे उत्तर अँडोव्हरमध्ये मिळणारच नव्हते.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. नरकाबद्दलचे मत बदलले की मंडळीची भिंतही हलते, हे त्यांनी ओळखले होते. बाहेरचा माणूस जर बुडालेला नाही, तर आत आणि बाहेर यांतला फरक नेमका कशाचा? 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार ओसरला. याचा दोष एकट्या मिशनऱ्यांना देणे मला पटत नाही. जातीने वाळीत टाकलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना सोयरीक जुळवायला, मयताला खांदा द्यायला, दफनाच्या जागेला हक्काची माणसे हवी होती. ती मंडळीच्या वहीतल्या नावांमधूनच मिळत. उघड्या दरबारात येऊन बसणारा हिंदू मित्र भजनाला साथ देई. मुलीचे लग्न ठरवायची वेळ आली की तो आपल्या जातीत परत जाई.