विश्व फिरते का, आणि मोजणारा कोण?

अमावास्येच्या सुमारास बोर्ली पंचतनहून दिवेआगरच्या किनाऱ्यावर गेलो, की दिवे मागे राहतात आणि आकाश चांदण्यांनी गच्च भरलेले दिसते. पृथ्वी फिरते, सूर्य फिरतो, आपली आकाशगंगाही फिरते, हे आपण जाणतो. मग सगळे विश्वच फिरत असेल का?

प्रश्न पोरकट नाही. १९४९ साली कुर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून फिरणारे विश्व मांडून दाखवले. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनीही १९६३ साली, केंब्रिजला असताना, फिरणाऱ्या विश्वांच्या गणितावर शोधनिबंध लिहिला. पण गणितात बसते ते आकाशात असतेच असे नाही. तिथे पाहावेच लागते.

पाहायचे कसे? छताचा पंखा खालून पाहा आणि जमल्यास माळ्यावरून पाहा. फिरण्याची दिशा उलटी दिसेल. सर्पिल दीर्घिकांचेही तसेच. विश्वाला स्वतःचा कल नसेल, तर आपल्याला त्या निम्म्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि निम्म्या उलट दिसायला हव्यात.

२००७ साली ‘गॅलॅक्सी झू’ या उपक्रमात सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे सामान्य लोकांपुढे ठेवली गेली. एक लाखाहून अधिक माणसांनी हौसेने ती पाहिली. उलट्या दिशेच्या दीर्घिका जास्त भरल्या! मोठी बातमी झाली असती. पण संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून पुन्हा दाखवली. कल आकाशाचा असता, तर आता दुसरी बाजू जड व्हायला हवी होती. पुन्हा तीच बाजू जड झाली. कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेत होता.

कोणी खोटे बोलले नव्हते. आम्हाला अडवते ते हेच. हेतू शुद्ध असताना झालेल्या चुकीची जबाबदारी कोणाची? वाडीच्या बांधावरून भावाभावांत तंटा झाला, की आपण टेप घेऊन जातो. आकडा मनाजोगा आला की टेप गुंडाळतो. नाही आला की म्हणतो, पुन्हा मोजा. दोन्ही वेळा टेप खराच असतो. मग अन्याय शिरला कुठून? मोजण्यात नव्हे, थांबण्यात.

२०१६ साली प्लँक उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रारणाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी सांगितले, की विश्वाला विशिष्ट दिशा असण्याविरुद्ध पारडे १,२१,००० ला एक इतके जड आहे. २०२५ साली अमेरिकेतील लिओर शमीर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांतील २६३ दीर्घिका संगणकाने मोजल्या: १५८ एका दिशेच्या, १०५ दुसऱ्या. विश्व फिरत असेल, किंवा आपल्या आकाशगंगेच्या फिरण्यामुळे तसे दिसत असेल, अशा दोन्ही वाटा त्यांनी खुल्या ठेवल्या. नमुना लहान आहे; शिवाय अशा आधीच्या मोजण्या २०२४ साली दुसऱ्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांना कल आढळला नव्हता.

खरे सांगायचे तर आम्हाला न फिरणारे विश्वच आवडते. म्हणून १५८ वाचताच आम्ही चूक शोधू लागलो. १,२१,००० वाचताना ती शोधली नव्हती.