पाद्र्याचे बिऱ्हाड

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये टेंपल रोडवर हिस्लॉप कॉलेज आहे. ज्याचे नाव रस्त्याला, तो सर रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचा चीफ कमिशनर. ज्याचे नाव कॉलेजला, तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. हिस्लॉप १८६३ साली वारला आणि त्याच्या मागे राहिलेले कागद टेंपलने संपादून १८६६ साली छापले. म्हणजे लेखक आणि संपादक अजून एकाच पत्त्यावर नांदताहेत. या पत्त्यावर एक नाव मात्र नाही. १८४५ च्या आरंभी नागपुरात जे आले ते एक जोडपे होते. इरॅस्मा हल ही हिस्लॉपची बायको नुकतेच लग्न होऊन बोटीत बसलेली. तिचे नाव शहराच्या तोंडी कधी बसले नाही.

मिशनऱ्यांबद्दल आपण दोनच सुरांत लिहितो. एक सूर शाळा-दवाखान्यांची कृतज्ञ यादी वाचणारा, दुसरा धर्मांतराचे आरोपपत्र वाचणारा. दोन्हींत मिशनरी एकटा उभा असतो, हातात पुस्तक घेऊन चौकात बोलणारा. त्याला घर होते, स्वयंपाकघर होते, तापाने फणफणलेली पोरे होती आणि महिनाअखेरीचा हिशेब होता, हे दोन्ही बाजूंच्या गावी नसते. मला मात्र वाटते की मिशनचा खरा युक्तिवाद चौकात झालाच नाही. तो बिऱ्हाडात झाला. तिथेच तो पटला आणि तिथेच तो फसला.

हिस्लॉप आला तेव्हा नागपूर भोसल्यांचे होते. तिसरे रघूजी गादीवर, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट आणि कामठीला मद्रासी पलटणींची छावणी. त्यामुळे 'गोंडवनातल्या मिशन'चा पहिला श्रोतृवर्ग गोंड नव्हता, मराठीही फारसा नव्हता. तो छावणीतला गोरा सोल्जर आणि तमिळ-तेलुगू बोलणारा शिपाई व त्याचे कुटुंब असा होता. कामठीत आजही जी दाक्षिणात्य आडनावे सापडतात त्यांची मुळे या छावणीत आहेत. हिस्लॉप मराठी शिकला, १८४६ साली शाळा काढली, १८४७ पासून रॉबर्ट हंटर हा जोडीदार मिळाला. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात लोकरी कोट घालून मुलांना भूमिती शिकवणाऱ्या माणसाच्या घरी काय चालत असेल, याची कल्पना इथल्या माणसाला सांगावी लागत नाही.

पण बंगला होता म्हणून ते जगले, हेही खरे. हिस्लॉपच्या दोन-तीन वर्षे आधी गोस्नर या जर्मन पाद्र्याने पाठवलेली एक तुकडी मंडला भागात, अमरकंटकजवळच्या करंजियाला उतरली होती. गोस्नरचा सिद्धांत साधा होता: मिशनरी कारागीर-शेतकरी असावा, हाताने कमवावे, लोकांसारखे राहावे. बंगला नको, पगार नको. १८४२ च्या सुमारास पटकी आली आणि त्यांतले बहुतेक काही दिवसांत गेले. उरलेले कामठीकडे आले. 'लोकांसारखे राहणे' ही गोष्ट नंतरच्या काळात फार गोडवे गाऊन सांगितली गेली. करंजियाने तिची किंमत आधीच सांगून ठेवली होती. उंच जोते, रुंद व्हरांडा, उकळलेले पाणी, खानसामा, माळी, आया आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची सोय हा ऐषआराम कमी आणि विमा जास्त होता. दुर्दैव असे की हा विमा ज्यांना मिळत नव्हता त्यांच्याशीच बंधुभावाबद्दल बोलायचे होते.

आता स्वयंपाकघराकडे येऊ, कारण महाराष्ट्रात धर्म बदलण्याचा प्रश्न पाण्यापेक्षा पंगतीपाशी अडत असे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. मग वाद कशाचा? तो पाद्र्याच्या घरी जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे अशी बाजू घेतली आणि स्वतःवर बहिष्काराचे संकट ओढवून घेतले. मुंबईची सारी विद्वत्ता त्या पोराच्या ताटाभोवती फिरत होती. त्याने कोणते पुस्तक वाचले याची कोणाला फारशी फिकीर नव्हती. मिशनऱ्याला वाटत होते की आपण सिद्धांत मांडतो आहोत. समाजाने ओळखले होते की तो पान मांडतो आहे. कोणाची समज जास्त खरी होती?

हीच गोष्ट उलट्या दिशेने लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितली आहे. त्यांचे पती, कवी टिळक, यांची नागपूरशी गाठ जुनी. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते तिथे संस्कृताचे काम करीत होते आणि १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे नवऱ्याकडे आल्या तेव्हाही आपली चूल, आपले पाणी, आपले सोवळे घेऊन आल्या. त्यांचा धर्म बदलला तो प्रवचन ऐकून नव्हे. परजातीच्या हातचे पाणी प्यावे लागले, माणसे जवळून पाहावी लागली, दुसऱ्यांची पोरे पदरात घ्यावी लागली, तसतसा हळूहळू बदलला आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मराठीतले मिशनबद्दलचे सर्वांत प्रामाणिक पुस्तक एका बाईने घरातून लिहिले, यात मला आश्चर्य वाटत नाही. साहेबांच्या अहवालांत घर नाही, म्हणून ते वाचवत नाहीत.

अहवालांत बायका तरी कुठे आहेत? अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था मिशनऱ्याच्या पत्नीची नोंद 'सहायक मिशनरी' अशी करी. हे सहायकपण काय होते, ते पाहायला मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांचे घर घ्यावे. मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा उभ्या केल्या, बाळंतपणे काढली, पोरे पुरली आणि १८३५ साली वारल्या. सहा वर्षे. त्यांचा मुलगा अँड्र्यू स्कॉटलंडमध्ये वाढला. पुढे प्रवासवर्णनकार म्हणून नाव कमावले. मिशन-घराचा हा अलिखित नियमच होता: पाच-सात वर्षांचे झाले की मूल विलायतेला आजीकडे किंवा मावशीकडे. पुढे मसुरीचे वुडस्टॉक, १९०१ पासून कोडाईकनालची शाळा, अशी सोय झाली आणि ताटातूट समुद्राऐवजी घाटापुरती उरली. बाराखडी शिकणाऱ्या मराठी मुली जिच्याभोवती बसायच्या, त्या बाईची स्वतःची मुले महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्या पत्रात असायची. या त्यागाचे भांडवल मिशनच्या प्रचारकांनी पुरेपूर केले. माझा मुद्दा वेगळा आहे. दुसऱ्यांच्या मुलांना घरापासून तोडल्याचा आरोप ज्यांच्यावर होत होता, त्यांनी स्वतःची मुले आधी तोडली होती. ही क्रूरता त्यांना कर्तव्य वाटत होती, म्हणूनच श्रीपतच्या बापाचा आकांत त्यांना नीट ऐकू आला नसावा.

नवरा-बायकोच्या या जोडीला तिसरी वाट फुटली ती अविवाहित बायकांची. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांचीच शाळा पाहिली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. नागपुरात डॉ. अॅग्नेस हेंडरसन यांच्या कामातून १८९६ साली सीताबर्डीचे म्यूर मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. पाद्र्याला जिथे माजघराचा उंबरा ओलांडता येत नव्हता तिथे डॉक्टरीणबाई थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी जात. तिच्याबरोबर बायबलबाई असे, बहुधा मराठी विधवा, तुटपुंज्या पगारावर उन्हातान्हात मोहल्ले हिंडणारी. मिशनचे चालते पाय हेच. त्यांची नावे शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही.

पुन्हा हिस्लॉपकडे. त्याच्या हातून बाप्तिस्मे फार झाले नाहीत. टिकले ते काम त्याने बिऱ्हाडाबाहेर, जमिनीवर वाकून केले. टाकळीच्या, म्हणजे आजच्या पोलीस लाइन टाकळीच्या, काळ्या दगडाच्या थरांमध्ये त्याला गोड्या पाण्यातल्या शिंपल्या आणि झाडांची फळे-बिया दगड होऊन पडलेल्या सापडल्या. ज्वालामुखीच्या एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत इथे तळी होती, जीव होते, हे त्यातून कळले. हंटरबरोबरचा त्याचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीने छापला. चंद्रपूरकडच्या मांगलीला मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेनने नाव दिले. सृष्टी सहा दिवसांत झाली असे शिकवण्यासाठी पाठवलेला माणूस, अशी त्याची खिल्ली उडवायचा मोह होतो. पण त्या काळच्या स्कॉटिश पाद्र्यांना भूशास्त्राचे वावडे नव्हते आणि हिस्लॉपला आपण दोन डगरींवर पाय ठेवतो आहोत असे वाटल्याचे दिसत नाही.

दुसरे काम गोंडांचे. लिंगोची कथा, म्हणजे गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या उत्पत्तीचे गीत, त्याने परधानाच्या तोंडून उतरवून घेतले. परधान हा गोंडांचा भाट. वंशावळी आणि देवकथा त्याच्याच कंठात. त्याच्याकडून गीत मिळवायचे तर प्रवचन बंद करून ऐकावे लागते. १८६६ च्या त्या ग्रंथात लिंगो आला आणि आज गोंड समाज आपल्या 'कोया पुनेम' या धर्माची मांडणी करताना या छापील पाठापर्यंत मागे जातो. ज्यांचा धर्म बदलायला तो आला, त्यांच्या धर्माचा पुरावा त्याने जपला. ४ सप्टेंबर १८६३ ला बोरीजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात त्याचा घोडा रिकामा बाहेर आला. टेंपलचा तळ जवळच होता. हिस्लॉप सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना बुडाला.

त्यानंतर सत्तर वर्षांनी गोस्नरच्या त्याच करंजियात आणखी एक पाद्री आला. १९३२ साली व्हेरियर एल्विन आणि त्याचा मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे यांनी तिथे मातीची झोपडी बांधली. नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड यांनी एल्विनला परवाना नाकारला, राजनिष्ठेची हमी हवी होती, आणि एल्विन गांधींचा माणूस. त्याने थोड्याच वर्षांत पाद्रीपण सोडले, पुढे गोंड मुलीशी लग्न केले. शामरावांनी १९४६ मध्ये ज्या परधानांवर पुस्तक लिहिले ते हिस्लॉपच्या गायकाचेच जातभाई. पण एल्विन-हिवाळ्यांचा प्रयोग मला निर्मळ आदर्श म्हणून खपवायचा नाही. त्यात एका बाजूला ऑक्सफर्डचा पदवीधर होता, आणि त्याचे ते लग्नही टिकले नाही. बंगल्याच्या भिंती पाडल्या की आतली विषमता आपोआप जाते, असे नाही.

भिंतीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट मांडला तो टिळकांनी. मिशनचा देशी नोकर कितीही मोठा कवी असला तरी पगार ठरवणारे साहेब वेगळे, बैठक वेगळी, बंगला वेगळा. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला: भजन, कीर्तन, बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले. श्रीपतच्या वेळी ब्राह्मणांचा पंक्तिभेद उघडा पडला होता. टिळकांनी पाद्र्यांचा उघडा पाडला. पहिल्यावर मिशनऱ्यांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली, दुसऱ्यावर हळू आवाजात बोलले.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हा उंबरा तपासला. १९५४ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज तिचे सदस्य होते. १९५६ चा अहवाल कडक निघाला: धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावे. त्यातल्या पैशांच्या तपशिलावर वाद झाले, होत राहतील. मला कुतूहल वाटते ते पुढच्या घटनेचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि तिथे बौद्ध झालेल्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते. धर्मांतराची चौकशी करणारा माणूस धर्म बदलतो, तेव्हा विरोध धर्म बदलण्याला होता की तो कोणाच्या घरी, कोणाच्या पैशाने, कोणाच्या अटीवर बदलला जातो याला होता, हे स्वच्छ दिसते. अहवालाच्या टीकाकारांनी आणि भक्तांनी, दोघांनीही हे सोयीस्करपणे बाजूला ठेवले आहे.

परदेशी कुटुंबे तशीही निघतच होती. व्हिसा आखडले, मुले मोठी झाली, मायदेशातल्या मंडळ्यांचे खिसे आटले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बंगले देशी पाळकांच्या हाती आले आणि त्यांबरोबर कागदपत्रेही. मग भांडणे कोर्टात गेली. गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या मिळकतींच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने मिळकत नव्या चर्चकडे जात नाही, ट्रस्टच्या कायद्यातून जावे लागते. मिशनच्या पिढ्यान्पिढ्यांच्या हिशेबात घराचा मालक कोण हे कधी नीट लिहिलेच गेले नव्हते, कारण तो प्रश्न विचारणारा माणूस व्हरांड्यातच बसवलेला होता. आता तो आत आला आहे. गळक्या कौलांची दुरुस्ती कोणत्या खात्यातून करायची आणि त्यावर सही कोणाची, यावर मंडळीच्या कमिटीत आवाज चढतात, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत तारखा पडतात आणि शेजारच्या प्लॉटवरचा बिल्डर अधूनमधून चौकशी करून जातो.