शिडीवरून उतरलेले मूल

गोदावरीला पूर आला की होळकर पुलावरून उड्या मारणारी पोरे पाहायला द्वारकेहून आपणही जातो. उडी मारणाऱ्याला टाळ्या, कठड्यावरून मागे फिरणाऱ्याला हसू. हे हसू बरोबर आहे का?

जागतिक ज्युनियर डायव्हिंग स्पर्धेत १४ ते १८ वर्षांची मुले १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, सूर मारतात. पाण्याला भिडताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. सूर सुरू करून मध्येच थांबले तर प्रत्येक पंचाच्या गुणांतून २ गुण वजा होतात. दुसऱ्यांदा थांबले तर शून्य.

१९९१ साली चीनची फू मिंगशिया १२ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्यानंतर मोठ्यांच्या स्पर्धांसाठी १४ वर्षांची अट आली. २०२१ मध्ये टोकियोत १४ वर्षांच्याच च्वान होंगचानने सुवर्णपदक जिंकले. आजारी आईच्या उपचारांसाठी पैसे मिळवायचे आहेत, असे ती म्हणाली. आपल्याला गहिवरून आले. एवढे ओझे त्या पोरीच्या खांद्यावर कसे आले, हे मात्र आपण विचारले नाही.

नियमाने वय ठरते; मुलाचा होकार कोण तपासणार? थोडा धाक, थोडा आग्रह लागतो, हेही खरे. नाहीतर आपल्यापैकी कोणालाच पोहता आले नसते. पण आग्रह त्याच्यासाठी की शेजाऱ्यांना सांगण्यासाठी, हे आपले आपल्यालाच ठाऊक असते.

सुट्टीत आपले मूल फळीपर्यंत चढून शिडीने खाली उतरले, तर घरी परतताना रिक्षात आपण त्याच्याशी काय बोलणार आहोत?