दोघांपैकी एक किंवा उत्तरजीवी

बँकेत जॉइंट खातं उघडायला नवराबायको आली, की मला त्यांना एक प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न फॉर्मवर छापलेलाच आहे. मी फक्त तो मोठ्यानं वाचतो. "खातं कसं चालवायचं? दोघांच्या सहीनं, की दोघांपैकी एक किंवा उत्तरजीवी?" 'उत्तरजीवी' हा शब्द ऐकला की नवरा बायकोकडे पाहतो, बायको नवऱ्याकडे पाहते आणि मग दोघंही माझ्याकडे पाहतात.

"उत्तरजीवी म्हणजे काय हो?"

"म्हणजे मागे राहील तो."

यानंतर काउंटरवर काही क्षण शांतता पसरते. लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात, बाईंच्या हातावरची मेंदी अजून उतरलेली नसते, आणि हा समोरचा चष्मेवाला गृहस्थ विचारतोय की तुमच्यातलं आधी कोण! शेवटी नवरा घाईघाईनं म्हणतो, "सगळे करतात तेच करा." सगळे 'एक किंवा उत्तरजीवी'च करतात. मी खूण करतो, शिक्का मारतो आणि पुढच्याला हाक मारतो.

बावीस वर्षं मी ही खूण करतोय. तिच्यात एक नैतिक प्रश्न दबा धरून बसलाय हे मला कळलं ते बँकेत नव्हे. घरी दिवाणावर बसून, एका महापौराच्या वतीनं एका हिरव्या राक्षसाचा मार खात असताना.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांच्याकडे प्लेस्टेशन फोर नावाचं यंत्र आहे आणि माझ्याकडे ते घेऊन दिल्याची पावती आहे. एका रविवारी त्यांना खेळायला कुणी भिडू मिळेना, तेव्हा नाइलाजानं त्यांनी माझी निवड केली. खेळाचं नाव 'अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम थ्री'. खेळ मूळचा २०११ सालचा. मार्व्हल ही अमेरिकेतली चित्रकथावाली कंपनी, कॅपकॉम ही जपानातली व्हिडिओ गेमवाली. दोघींनी आपापली पात्रं एकाच आखाड्यात उतरवली. आपल्याकडे १९२१ साली गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केला होता, तशातलाच प्रकार. फक्त इथं टाळी पदाला नसते, गुद्द्याला असते.

प्रत्येकानं तीन गडी निवडायचे. एक आत लढतो, दोन बाहेर थांबतात. पन्नासएक पात्रांतून मी माझ्या वकुबाप्रमाणे निवड केली. पहिला हॅगर. हा मेट्रो सिटी नावाच्या शहराचा महापौर असून लोखंडी पाइपनं लोकांना झोडपतो. महापौर आणि पाइप यांचा संबंध मला आजवर पाइप फुटल्यावरच काय तो माहीत होता. दुसरा फिनिक्स राइट. हा पेशानं वकील. ऐन मारामारीत पुरावे गोळा करत हिंडतो आणि 'हरकत आहे!' म्हणून ओरडतो. तिसरा आर्थर नावाचा सरदार. याचं सोन्याचं चिलखत थोडा वेळ टिकतं आणि ते गेलं की हा नुसत्या चड्डीवर लढतो. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरची माझीही अवस्था साधारण अशीच असल्यामुळे त्याच्याविषयी मला लगेच जवळीक वाटली.

पेटीवर पोरं बसवली की ती जशी सगळ्या पट्ट्या एकदम दाबतात, तसं मी खेळलो. लागोपाठ अकरा लढती हरलो. बाराव्या वेळी चिरंजीवांना राहवेना.

"बाबा, तुमच्या महापौराची पट्टी बघा जरा!"

प्रत्येक गड्याच्या जिवाची वर एक पट्टी असते. मार बसला की ती आखडते. पण जेवढी आखडते त्यातला काही भाग लाल होऊन मागे राहतो. हा लाल भाग म्हणजे थकलेलं पण अजून वसूल होऊ शकणारं कर्ज. गडी बाहेर जाऊन बसला की लाल भाग हळूहळू भरून येतो. आत लढत राहिला तर भरत नाही. आणि लाल भागाच्याही पलीकडे जे गेलं ते गेलं, बुडीत खाती जमा. मी हॅगरला अखेरच्या श्वासापर्यंत झुंजवला होता. तो कोसळला तेव्हा वकीलसाहेब आणि सरदार बाहेर अगदी ताजेतवाने, जणू मुंज जेवायला आल्यासारखे उभे होते.

"अरे, मी त्यांना मदतीला बोलावत होतो की!"

"तुम्ही नुसती टिचकी मारत होता. टिचकी मारली की बाहेरचा येतो, एक फटका मारतो आणि जातो. दाबून धरलं की तो आत येतो आणि आतला बाहेर जातो. बटण तेच आहे, बाबा."

मी दाबून धरायला शिकलो. अकराच्या जागी नऊ लढती हरू लागलो. पण नियमांचा विचार करता करता माझ्यातला कारकून जागा झाला. या खेळात एक गडी मेला तर सामना थांबत नाही. दुसरा आत येतो. तोही मेला तर तिसरा. शेवटचा एक उभा असेल तोवर तुमचा संघ जिवंत. म्हणजे हे खातं सरळसरळ 'एक किंवा उत्तरजीवी'! इतकंच नव्हे, तर 'एक्स-फॅक्टर' नावाची एक शक्ती सामन्यात एकदा वापरता येते, आणि तुमचे जितके गडी मेलेले असतील तितकी ती जबर. एकटा उरलेल्याला सगळ्यात जास्त. हे मला फारच ओळखीचं वाटलं. एकट्यानं खिंड लढवणाऱ्याचं आपल्याला कोण कौतुक! आपण त्याला शाल देतो, श्रीफळ देतो, त्याच्यावर भाषण करतो. बाकीचे दोघे कुठं होते, हे मात्र त्या समारंभात कुणी विचारत नाही. बहुधा ते दोघे व्यासपीठावरच बसलेले असतात.

दिवाळीला आम्ही वाईला धाकट्या भावाकडे गेलो. आई त्याच्याकडे असते. तिथं पुतण्याकडे कुणीतरी दिलेला जुना प्लेस्टेशन टू आहे, आणि त्यावर 'टेकन टॅग टूर्नामेंट' नावाचा खेळ. १९९९ साली हा दुकानातल्या यंत्रांवर आला आणि २००० साली घरात. यात दोघादोघांच्या जोड्या. चिरंजीव मोठ्या ऐटीत बसले. त्यांचा एक गडी मार खाऊन आडवा झाला, हे स्वस्थ. दुसरा यायची वाट पाहताहेत. पण दुसरा येईचना. फेरी संपली होती.

"अरे, माझा दुसरा तर पूर्ण शाबूत आहे!"

"असू दे की," पुतण्या म्हणाला. "इथं एक पडला की दोघं हरले."

हे मात्र 'दोघांच्या सहीनं' चालणारं खातं! एक गेला की दुसऱ्याला चेक फाडता येत नाही. चिरंजीवांना हा अन्याय वाटला आणि पहिल्या झटक्याला मलाही वाटला. ज्याचा काही दोष नाही त्याला शिक्षा का? पण हाच प्रश्न मला जामीनदार विचारतात. "कर्ज त्यानं घेतलं, मी का भरू?" त्यांना मी १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतो : ऋणकोची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. ते बिचारे सहीकडे असं बघतात, जशी ती दुसऱ्याच कुणी केली होती.

न्याय राहू द्या बाजूला. मी एक गंमत पाहिली. पुतण्याचं लक्ष समोरच्या शत्रूपेक्षा आपल्या गड्यांच्या पट्ट्यांवर जास्त. जरा लाल दिसलं की अदलाबदल. त्याच्या मनात काही थोर बंधुभाव उचंबळत होता असं नाही. नियमच तसा, की जोडीदाराला विसरणं परवडत नाही. शिवाय त्या खेळात अशी सोय आहे, की आतला मार खात असला की बाहेरच्याची पट्टी लुकलुकायला लागते. तो चिडलेला असतो आणि आत येऊन जास्त जोरात मारतो. पण हे सगळ्या जोड्यांत सारखं होत नाही. कुणाची पट्टी चटकन लुकलुकते, तर कुणी, जोडीदाराशी फारसं सख्य नसलं तर, ढिम्म.

मी सहज मागे वळून पाहिलं. धाकटा आईच्या खोलीच्या दारात, भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं. हातात औषधाचा रिकामा कप. आत भावजय आईला कुशीवर वळवत होती. दुपारचे चार वाजले होते, लक्ष्मीपूजनाचा दिवस.

दोन वर्षांपूर्वी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हे असं आहे. तुम्ही म्हणाल, मग तुम्ही काय करत होतात? मी टिचक्या मारत होतो. एक तारखेला पैसे पाठवायचे. रविवारी फोन करायचा. दिवाळीला येऊन, "फिजिओथेरपी बंद का केली?" असा एक खणखणीत फटका मारायचा, आणि भाऊबीज होताच एसटीत बसायचं. माझी पट्टी भरलेली होती. दोन वर्षांत ती एकदाही लुकलुकली नव्हती.

परतीच्या गाडीत चिरंजीवांनी एक माहिती पुरवली. या सगळ्या प्रकाराचा आद्य खेळ 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर', साल १९९६. तो घरच्या यंत्रांवर आणताना सेगाच्या यंत्राला जादा मेमरीची कार्ट्रिज जोडावी लागली, तेव्हा अदलाबदल शाबूत राहिली. पण १९९८ साली पहिल्या प्लेस्टेशनवर आला तेव्हा त्या यंत्राची मेमरी पुरेना. मग नेहमीच्या लढतीतली अदलाबदलच काढून टाकली. जोडीदार नुसता क्षणभर मदतीला यायचा नि जायचा. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. यंत्राला निदान कार्ट्रिज तरी जोडता येते.

माझ्या बाजूनं एक मुद्दा होता, आणि तो मी खंबाटकीचा घाट संपेपर्यंत घोळवला. धाकट्यानं कधी बोलावलंच नाही! फोनवर नेहमी, "चाललंय दादा, तू नको काळजी करू." पण खेळातला गडी तरी कुठं बोलावतो? हॅगरनं मला एकदाही सांगितलं नाही, की साहेब, दमलो. तो लढत राहिला आणि मेला. पट्टी बघायची जबाबदारी ज्याच्या हातात बटणं त्याची. घराचा घोटाळा असा, की इथं बटणं कुणा एकाच्या हातात नसतात. मग पट्टी बघायची कुणी? आत लढणाऱ्याला वर बघायला फुरसत नसते. म्हणजे ते काम बाहेर ताज्यातवान्या बसलेल्याचंच. 'बोलावलं असतं तर आलो असतो' हे वाक्य ऐकायला सज्जनाचं वाटतं, पण ते बाहेर बसलेल्याच्या फार सोयीचं आहे.

घरी आल्यावर जेवताना मी जाहीर केलं, "आईला आपल्याकडे आणू या."

"आणू या ना," सौ. म्हणाली, "मी कधी नको म्हटलंय? फक्त एवढं सांगा, आत तुम्ही उतरणार, की मला टॅग करणार?"

चिरंजीव ताटात तोंड घालून हसले. मी गप्प. दुसऱ्याचा अंगठा उठवून कर्ज काढणं, याला आमच्या खात्यात फार वाईट शब्द आहे.

मी एकवीस दिवसांची रजा टाकली आणि एकटाच वाईला गेलो. धाकटा आणि भावजय गणपतीपुळ्याला गेली. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "तू कशाला आलास? त्याला बोलव. तुला साधी उशी लावता येत नाही." खेळात नवा गडी आत आला की आधी ऐट करतो आणि त्यातच मार खातो, तशी माझी गत. चौथ्या दिवशी उशी जमली. नवव्या दिवशी रात्री तीनला तिला उठवून बसवताना मला कळलं, की ही लढाई दोन वर्षं म्हणजे सातशे तीस रात्री. धाकट्यानं मध्ये एक बढती बदलीच्या भीतीनं नाकारली होती. तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. हा भाग लाल नाही. तो आता कितीही दिवस बाहेर बसला तरी भरून येणार नाही. उरलेला मात्र येतो. धाकटा परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला निदान तीन वर्षं जुना, म्हणजे तीन वर्षांनी तरुण, दिसला.

आता उन्हाळ्यात आई आमच्याकडे येणार आहे. पाळ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या आहेत. रात्रीची माझी. त्याखाली सौ.नं माझी सही घेतली आहे आणि स्वतःचीही केली आहे.

परवा काउंटरवर एक नवं जोडपं आलं. मी नेहमीचा प्रश्न वाचला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळे करतात तेच करा," नवरा म्हणाला. मी 'एक किंवा उत्तरजीवी'वर खूण केली आणि शिक्का मारला. "बरोबर केलं ना आम्ही?" बाईंनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. "खात्यापुरतं अगदी बरोबर."