हिरव्याचं जांभळं होताना

हात मांडीवर सैल सोडा. श्वास येतोय, जातोय. येऊ द्या, जाऊ द्या.

मनात काचेचं एक चंचुपात्र ठेवा. त्यात स्वच्छ पाणी. पाण्यात क्रोमियम क्लोराइडचे दोन-चार स्फटिक सोडा. गडद हिरवे.

रंग तळाशी पसरतोय. ढवळू नका. नुसतं बघा.

आता आत उतरा. हळू. अगदी आत.

मधोमध क्रोमियमचा एक आयन. वर एक क्लोराइड, खाली एक क्लोराइड. चार बाजूंना पाण्याचे चार रेणू. अंतर किती? मिलिमीटरच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाएवढं.

सहा शेजारी. या सहांपाशी थांबा.

तिसरा क्लोराइड बाहेर, पाण्यात मोकळा फिरतोय. थोडं द्रावण परीक्षानळीत घ्या, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरा साका लगेच बसतो, पण तो या एकट्याचाच. आतले दोघे ओ देत नाहीत.

श्वास घ्या.

क्रोमियमपाशी तीन इलेक्ट्रॉन आहेत. शेजाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत, एकेका जागी एकेक. ही बैठक मोडायला बरीच ऊर्जा लागते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याभोवतीचा रेणू सेकंदाच्या अब्जाव्या भागात निघून जातो, दुसरा येतो. क्रोमियमपाशी आलेलं पाणी मात्र कित्येक तास राहतं. कधी दिवस.

तेवढं सावकाश बघता येईल का? बघा.

एक क्लोराइड सुटतोय. त्याच्या जागी पाणी येतंय. हिरव्यात निळसर झाक.

काचेमागून उजेड येऊ द्या. हिरव्या द्रावणात क्रोमियम तांबडा प्रकाश शोषतो. त्या तीन इलेक्ट्रॉनांवर क्लोराइडपेक्षा पाण्याचा प्रभाव जास्त. म्हणून एकेक पाणी वाढतं, तसं हे शोषण तांबड्याकडून पिवळ्याकडे सरकतं. आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो तो उरलेला प्रकाश.

थांबा. अजून थांबा.

पाठ्यपुस्तकं हे सगळं समघटकतेच्या – तेच घटक, निराळी मांडणी – तक्त्यात एका ओळीत उरकतात. मला ती घाई खटकते. झुरिकमध्ये आल्फ्रेड वेर्नर अशाच संयुगांपाशी वर्षानुवर्षं राहिले. आत कोण, बाहेर कोण, एवढंच शोधत. १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पुन्हा पात्राकडे या.

दिवस गेलेत. दुसरा क्लोराइडही सुटलाय. आता सहाही दिशांना पाणी. द्रावण पातळ आहे, म्हणून रंग इथवर आला: जांभळा.

या जांभळ्यापाशी बसा. काही मिळवलेलं नाही, काही काढलेलं नाही. तेच क्रोमियम, तेच तीन क्लोराइड, तेच पाणी.

मन लावा. थोडं द्रावण परीक्षानळीत काढा. सिल्व्हर नायट्रेट टाका, थेंबाथेंबानं.

साका बसतोय. या वेळी तिघांचा.