नऊ कला आणि आठ कला

२०१२ साली महाराष्ट्रात गणपती दोनदा आले. लालबाग-परळच्या मंडपांत आणि गिरगाव-दादरच्या बहुतेक घरांत गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला झाली. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांतली चतुर्थी मात्र ऑगस्टमध्येच होऊन गेली होती. रूढ पंचांगांनी त्या वर्षी भाद्रपद अधिक धरला, टिळक पंचांगाने धरला नाही. असे मधूनमधून घडते आणि दरवेळी 'ज्याची त्याची श्रद्धा' असे म्हणून आपण विषय सोडून देतो. वास्तविक हा श्रद्धेचा प्रश्नच नाही. राशिचक्राचा आरंभ आकाशात कुठून मोजायचा, एवढाच तो प्रश्न आहे. एक पक्ष रेवती नक्षत्रातल्या एका अंधुक ताऱ्यापासून मोजतो, दुसरा चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून. या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य तेवढे अंतर साधारण चार दिवसांत चालतो. संक्रांत चार दिवस अलीकडे आली, की ती कधी कधी अमावास्येच्या पलीकडून अलीकडे येते आणि संक्रांतीविना राहिलेला, म्हणजेच अधिक, महिना बदलतो.

चार अंशांच्या या वादामागे पाचशे वर्षांची एक मोठी गोष्ट आहे. ग्रह कसे चालतात हे माणसाला कसे उमगत गेले, याची ती गोष्ट. ती कोपर्निकस, केप्लर आणि न्यूटन या तीन नावांत सांगून संपवायची आपल्याला सवय आहे. पण तिचा एक धागा मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावातून निघतो, मुंबईच्या छापखान्यांतून आणि कुलाब्याच्या वेधशाळेतून जातो आणि आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचतो.

नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रह प्रत्यक्ष पाहत होते. ग्रह ताऱ्याजवळ कधी येतो, कधी उगवतो, कधी मावळतो, हे पाहून ते ग्रंथांशी ताडून बघत. सौर, आर्य आणि ब्राह्म या तिन्ही पक्षांची, म्हणजे गणितपरंपरांची, गणिते त्यांना कुठे ना कुठे आकाशापासून ढळलेली दिसली. त्यांनी तसे लिहून ठेवले आणि पुढच्या काळातल्या गणकांनीही वेध घेऊन दुरुस्ती करत राहावे, असे सांगितले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचला. ज्या-कोज्यांच्या किचकट आकडेमोडीला त्यात फाटा आहे. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरल्यामुळे प्रचंड दिवससंख्या हाताळाव्या लागत नाहीत. गावातल्या जोश्यालाही पंचांग करता यावे इतका तो सोपा होता, म्हणूनच महाराष्ट्रात तो साडेतीन-चारशे वर्षे चालला.

पण ग्रहलाघवाची थोरवी मला त्याच्या सोपेपणात दिसत नाही. ती त्याच्या निवडीत दिसते. गणेश दैवज्ञांनी एकाही पक्षाला संपूर्ण प्रमाण मानले नाही. सूर्य त्यांनी सौरपक्षातून घेतला आणि चंद्रही, पण नऊ कला वजा करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षातून घेतले. शनीही तिथूनच, पण त्यात पाच अंश मिळवून. जो ग्रंथ ज्या ग्रहाच्या बाबतीत आकाशाशी जुळला, त्या ग्रहापुरता तो त्यांनी मानला. एका अंशाच्या साठ कला होतात आणि पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण एकतीस कला भरते. म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान असलेली चूक या माणसाला सोसली नाही.

पुढे नव्वदेक वर्षांनी युरोपात केप्लरची गाठ अशाच एका फरकाशी पडली. टायको ब्राहेच्या वेधांना मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसवताना आठ कलांचा फरक राहिला. टायकोच्या मोजमापावर केप्लरचा इतका भरवसा होता, की त्या आठ कलांसाठी त्याने दोन हजार वर्षांचे वर्तुळ सोडून दिले. १६०९ साली त्याने मांडले, की मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य तिच्या एका नाभीशी आहे.

नऊ कला आणि आठ कला. आकाशाच्या साक्षीपुढे दोघांनीही मान तुकवली. मात्र दोघांचे उपाय वेगळे होते आणि ग्रहांविषयीच्या मानवी समजुतीतला खरा फरक त्या उपायांत आहे. गणेशांनी फरक भरून काढला. आपल्या परंपरेत या दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणतात. केप्लरने फरकाचे कारण शोधले. बीजसंस्काराने त्या काळापुरते उत्तर जुळते, पण चूक जिथून उपजते ती जागा तशीच राहते आणि काही पिढ्यांनी पुन्हा वेध, पुन्हा बीज करावे लागते. गुरू आणि शनी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. दोघे एकमेकांना ओढत असल्यामुळे त्यांच्या गतीत सुमारे नऊशे वर्षांचा एक चढउतार येतो. शनीची जागा त्यामुळे सरासरीपासून पाऊण अंशापर्यंत ढळते. हे १७८५ साली लाप्लासने उलगडले. ठरावीक अंश मिळवून किंवा वजा करून असा चढउतार कायमचा कधीच पकडता आला नसता.

मग आपल्या गणकांना सूर्य मध्यभागी असल्याचे कळलेच नव्हते का? याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. ग्रहांना दोन संस्कार द्यावे लागतात, मंदफल आणि शीघ्रफल, हे सिद्धांतकारांना ठाऊक होते. मंगळ, गुरू आणि शनी या तिघांच्याही शीघ्रोच्चाची, म्हणजे ज्यावरून शीघ्रफल काढतात त्या बिंदूची, गती सूर्याच्या गतीएवढीच येते. तीन वेगळ्या ग्रहांच्या गणितात सूर्यच का यावा? कारण आपण ज्या पृथ्वीवरून पाहतो तीच वर्षात एक फेरी मारते आणि तिची गती प्रत्येक ग्रहाच्या दिसण्यात मिसळते. परळहून दादरकडे निघालेली जलद लोकल शेजारच्या धीम्या लोकलला मागे टाकते, तेव्हा जलद गाडीतल्या माणसाला धीमी गाडी उलटी चालल्यासारखी वाटते. मंगळ वक्री होतो तो असाच. केरळात नीलकंठ सोमयाजींनी १५०० च्या सुमारास बुधादी पाच ग्रह सूर्याभोवती फिरतात अशी मांडणी केली होती. पृथ्वीला मात्र त्यांनीही स्थिरच ठेवले.

मुंबईत हे सगळे प्रवाह एकोणिसाव्या शतकात एकत्र आले. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी इथे मराठी पंचांग छापले आणि हाताने लिहून घ्यायची वस्तू बाजारात विकत मिळू लागली. १८३६ साली सुबाजी बापूंचा 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ निघाला. पुराणांतले विश्व, सिद्धांतांतले विश्व आणि कोपर्निकसचे विश्व या तिघांची तुलना त्यात होती. पृथ्वी गोल आहे हे आपल्याच भास्कराचार्यांनी सांगितले आहे, मग पुढचे पाऊल टाकायला हरकत कसली, असा त्या पुस्तकाचा रोख होता.

याच सुमारास अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा मुंबईत शिकत होता. केरो लक्ष्मण छत्रे हे त्याचे नाव. सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागला. वेध, घड्याळ आणि नोंदवही यांच्या शिस्तीत त्याची तरुणपणातली वर्षे गेली. पुढे हेच छत्रे, म्हणजे केरूनाना, पुण्यात प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. त्यांनी १८६० साली युरोपीय कोष्टकांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. शके १७८७ म्हणजे १८६५ पासून त्यांचे नवे पंचांग छापून निघू लागले. आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्यामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. रेवतीपासून मोजणाऱ्या टिळक पंचांगाचे मूळ तेच.

या पंचांगाला विरोध झाला, आणि त्या विरोधामागे एक विचार होता. तिथी जास्तीत जास्त पासष्ट घटिकांची आणि कमीत कमी चोपन्न घटिकांची असते, असा 'बाणवृद्धी-रसक्षय' नावाचा जुना दंडक होता. नव्या गणिताने तिथी कधी पन्नास घटिकांवर येई, कधी सदुसष्टच्या जवळ जाई. धर्मशास्त्रात मर्यादा घालून दिलेली असताना तिथी ती ओलांडते कशी, असा शास्त्रीमंडळींचा सवाल होता. त्याचे उत्तर चंद्राच्या कक्षेत आहे. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, पण सूर्यही त्याला ओढत असतो. त्यामुळे त्याची कक्षा एकसारखी राहत नाही, तिचा लांबटपणा कमीजास्त होतो. अमावास्या-पौर्णिमेला हा परिणाम जवळपास लपून राहतो, म्हणून जुन्या गणिताने ग्रहणे बरीचशी साधत. अष्टमीच्या आसपास मात्र तो उघडा पडतो. एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी धरायचा, या घरगुती प्रश्नात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची त्रिपक्षीय ओढाताण अशी दडलेली आहे.

वाद पुढे पन्नास वर्षे चालला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तर सायन, म्हणजे ताऱ्याऐवजी वसंतसंपातापासून मोजणाऱ्या, पंचांगाचाच आग्रह धरला. १९०४ साली पंचांगशुद्धीसाठी मुंबईत परिषद भरली, तीत टिळकही होते. दीक्षितांचा १८९६ सालचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ याच मंथनाचे फळ आहे. पंचांग सुधारू पाहणाऱ्या या माणसांचे एकमेकांशी पटत नसे, पण आकाशाशी जुळेल तेच गणित खरे, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते.

या परंपरेतले शेवटचे मोठे नाव व्यंकटेश बापूजी केतकरांचे. बागलकोटला शिक्षकाची नोकरी करता करता त्यांनी 'ज्योतिर्गणितम्' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्या काळातले अद्ययावत युरोपीय ग्रहगणित त्यांनी त्यात आपल्या पद्धतीत आणले. राशिचक्राच्या आरंभासाठी ते चित्रापक्षाचे होते, आणि पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांगसुधारणा समितीने १९५५ साली चित्रेचीच बाजू घेतली. केतकर एवढ्यावर थांबले नाहीत. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जसा मेळ सापडला होता, तसा त्यांनी बाहेरच्या ग्रहांत शोधला. नेपच्यूनच्या पलीकडे सूर्यापासून पृथ्वीच्या ३८.९५ पट अंतरावर, २४२.२८ वर्षांत फेरी पूर्ण करणारा एक ग्रह असावा, असे भाकीत त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत मांडले. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि फेरीचा काळ २४८ वर्षे. त्याच वर्षी केतकर वारले.

या जुळणीचा अभिमान कुणाही मराठी माणसाला वाटेल, मलाही वाटतो. पण केतकरांचा खरा मान राखायचा, तर पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. त्यांचे सूत्र निसर्गनियम म्हणून टिकले नाही. नेपच्यून तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात प्लूटो दोन मारतो, असा एक मेळ प्लूटोच्या कक्षेत खरोखरच आहे. पण तो नेपच्यूनच्या गुरुत्वाकर्षणाने घडवलेला आहे. प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास भरते. त्याच्यासारखे आणखी पिंड सापडत गेले आणि ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेने त्याला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवले. त्यामुळे केतकर लहान होत नाहीत. आपले भाकीत त्यांनी आकड्यांत, तपासता येईल अशा रूपात जगापुढे ठेवले. चूक ठरण्याची तयारी ठेवल्याखेरीज कोणी आकडा सांगत नाही.

इथेच आपल्या पंचांगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळावे लागते. गणितभागाने शतकानुशतके आकाशाची परीक्षा दिली. फलभागाने, म्हणजे भविष्यकथनाने, ती आपणहून कधीच दिली नाही. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना त्या ओळखायला दिल्या. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले. नाणे उडवून ५० टक्क्यांच्या आसपास आले असते. ज्या मंगळाने केप्लरला लंबवर्तुळ शिकवले, ज्याच्या कक्षेत २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले यान जाऊन पोचले, त्याच मंगळामुळे आजही मुलींची लग्ने अडतात. नऊ कलांची चूक न सोसणाऱ्या परंपरेचे वारस म्हणवून घेणाऱ्या समाजाला ही गोष्ट दुःखाची वाटली पाहिजे.

परंपरा जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, याचे उत्तर मला या इतिहासात मिळते. ग्रहलाघव जसाच्या तसा चालू ठेवणे ही गणेश दैवज्ञांची परंपरा नव्हे. त्यांनी पूर्वसूरींचे ग्रंथ तपासून बदलले, तसा त्यांचाही ग्रंथ तपासून बदलणाऱ्या केरूनानांनी आणि केतकरांनी ती खऱ्या अर्थाने पुढे नेली. १९७३ साली आलेल्या 'कालनिर्णय'सारख्या दिनदर्शिकांनी पंचांग घरोघरच्या भिंतीवर नेले, ही मोठीच सोय झाली. पण त्यामुळे तिथी वाचण्याची वस्तू बनली, पाहण्याची राहिली नाही.

ती पुन्हा पाहण्याची गोष्ट करता येईल. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून मुंबईच्या मुलांना ग्रहांच्या वाटा दाखवते आहे. मुंबईचे आकाश दिव्यांनी धुऊन निघाले असले, तरी शुक्र, गुरू, मंगळ आणि शनी दादरच्या गच्चीवरूनही दिसतात. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर होते आणि ते पाहायला दुर्बिणीचीही गरज नव्हती. शाळेतल्या मुलांनी वर्षभर मंगळाची जागा वहीत टिपली, तर तो वक्री झाल्याचे त्यांना स्वतःलाच सापडेल आणि का झाला, हा प्रश्नही त्यांचा स्वतःचा असेल. गणिताच्या तासाला केप्लरबरोबर ग्रहलाघवही शिकवता येईल. आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते हे सांगण्यासाठी नव्हे, तर आपल्या ग्रंथात चूक सापडल्यावर ते काय करत, हे दाखवण्यासाठी. आणि पत्रिकेत मंगळ आहे म्हणून एखादे स्थळ नाकारले जात असेल, तर घरातल्या कोणीतरी तिथल्या तिथे विचारायला हवे, की हे कधी, कोणी आणि कसे तपासले? हा प्रश्न विचारणे परंपरेला सोडून नाही. केशव दैवज्ञांनी पुढच्या पिढ्यांकडून नेमकी हीच अपेक्षा ठेवली होती.